भिडेखातर

६ जून

प्रिय ताई,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला, पण फोन का करत नाहीस असं मात्र विचारू नकोस. दिवसभर बसस्थानकाच्या काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली ते सांगायचं, पाकीट हरवलेल्यांची, पोर हरवलेल्यांची, नवरा हरवलेल्यांची नावं पुकारायची, आणि घरी येऊन परत फोनवर बोलायचं? त्यापेक्षा पत्र बरं. मामा, म्हणजे तुझे बाबा, मला लहानपणी ‘भोंगा’ म्हणायचे आणि मी रडून घर डोक्यावर घ्यायचे. आता त्याच भोंग्यावर माझं पोट चालतं.

मुद्द्याचं सांगते. माझ्या गळ्यावर पुढच्या बाजूला गाठ आली आहे. घाबरू नकोस, सुई घालून तपासून झालंय, साधी थायरॉइडची गाठ आहे, दुसरं काही नाही. पण ती वाढते आहे. पहिल्यांदा ती तिकीट खिडकीवरच्या बाईंच्या लक्षात आली. मला वाटत होतं मीच जाड होत चालले आहे. हल्ली घास गिळताना अडकल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणाले, काढून टाकू, दोन-तीन दिवसांत घरी जाल.

डॉक्टर म्हणजे आमचेच डॉक्टर, ह्यांचे बॅडमिंटनचे जोडीदार. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा हा माणूस न बोलावता येऊन जायचा, त्यांच्या पायांच्या जखमा स्वतःच्या हातांनी धुवायचा. गावात त्यांचं नाव आहे. दवाखान्यावर दुसरा मजला चढलाय, तिथे ऑपरेशनची खोली केली आहे. फलकावर नावापुढे इतकी अक्षरं आहेत की शेवटची रंगाऱ्याला कडेला बारीक करून बसवावी लागली.

हे म्हणतात, यात विचार कसला करायचा. तरी मला आपलं तुला विचारावंसं वाटलं. घरात सगळे तुला ‘चौकशी खातं’ म्हणतात. एकदा त्या खात्याचा मलाही उपयोग होऊ दे.

तुझी
भोंगा

१५ जून

प्रिय भोंग्या,

चौकशी खातं उत्तर देतं आहे. नीट वाच आणि मध्येच डोळे फिरवू नकोस.

फलकावरची ती अक्षरं म्हणजे नेमकं काय, हे आधी बघ. मी मुख्याध्यापिका झाल्यापासून नोकरीला येणाऱ्या प्रत्येक शिक्षकाकडे मूळ प्रमाणपत्रं मागते. मागे एक जण रसायनशास्त्र शिकवायला आला होता. हुशार, गोड बोलणारा, आधीच्या शाळेतली मुलं त्याच्यावर जीव टाकायची म्हणे. मी कागद मागितले. हसून म्हणाला, उद्या आणतो. तो परत शाळेची पायरी चढला नाही. आता शाळेत फार तर मुलं एखादं समीकरण चुकीचं शिकली असती. इथे तुझ्या गळ्यावर सुरी चालणार आहे.

तो डॉक्टर आहे याबद्दल मला शंका नाही. पण डॉक्टर असणं वेगळं आणि शस्त्रक्रियेचं पुढचं शिक्षण घेतलेलं असणं वेगळं. ते त्यांनी घेतलंय का, कुठे घेतलंय, वैद्यक परिषदेकडे त्याची नोंद आहे का, हे विचार. ही गाठ काढायचं ऑपरेशन त्यांनी स्वतः केलंय की कोणाच्या शेजारी उभं राहून बघितलंय? भूल द्यायला कोण येतं? काही बिघडलं तर तुला कुठे हलवणार? आवाजाची नस त्या गाठीला अगदी खेटून जाते असं मी वाचलं. दुसऱ्या कोणाचा आवाज बसला तर तो आल्याचा काढा पिऊन गप्प बसेल. तुझा आवाज म्हणजे तुझी नोकरी आहे.

हे सगळं त्यांनाच विचारायचं, समोर बसून. गेल्या वर्षी माझ्या डोळ्याच्या वेळी मी इथल्या डॉक्टरीणबाईंना असंच विचारलं होतं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि सगळं सांगितलं, वर म्हणाल्या, लोक विचारत नाहीत याचंच मला नवल वाटतं.

आणि घाई नसेल तर इथे ये, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू. सासूबाईंच्या जखमा धुणारा माणूस चांगला आहे हे मला मान्य. त्यांच्या चांगुलपणाबद्दल मी काही विचारतच नाहीये.

तुझी
ताई

२ जुलै

प्रिय ताई,

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं आणि दोन दिवस घरात कोणी धड बोललं नाही. ‘उद्या न्हाव्याकडे गेलो तर त्याचंही प्रमाणपत्र मागू का?’ असं म्हणाले. ज्या माणसाने आईचं एवढं केलं त्याच्या तोंडावर हे विचारायचं? त्यापेक्षा सरळ मुस्कटात मारलेली बरी, असंही म्हणाले.

मग मी म्हटलं, मीच विचारते. गेले दवाखान्यात. ताई, डॉक्टरांनी मला बघून बाहेरच्या सगळ्यांच्या आधी आत घेतलं. कागदावर गळ्याचं चित्र काढून गाठ दाखवली. बसस्थानकाची गंमत विचारली, म्हणाले, तुमचा आवाज ऐकला की मला आपली गाडी सुटेल अशी धास्ती वाटते. मी हसले. पदर, पर्स, तुझे प्रश्न लिहिलेली हातातली चिठ्ठी, सगळ्याशी चाळा करून झाला. हजारो अनोळखी माणसांना दिवसभर सूचना देणारी मी, तिथे तोंड उघडेना. चिठ्ठी तशीच पर्समध्ये घालून परत आले.

घरी आल्यावर फार वाईट वाटलं. रात्रीची झोप उडाली. शेवटी हेच म्हणाले, बरं बाई, मी विचारतो, म्हणजे तुझ्या ताईचं आणि तुझं समाधान होईल. दुसऱ्या दिवशी खेळून थेट दवाखान्यात गेले. घाम पुसत आले आणि म्हणाले, ‘बघितलं. मी स्वतः बघितलंय. त्यांच्या खुर्चीमागे भिंतीवर लावलेलं आहे, सोनेरी शिक्क्याचं. शस्त्रक्रियेचंच आहे. झालं आता?’

मी विचारलं, कुठल्या कॉलेजचं. तर म्हणाले, आता काय त्यांची तोंडी परीक्षा घेऊ?

तेव्हा ताई, झालं समाधान. भूल देणारे शेजारच्या गावाहून येतात, तेही तिथल्या कंपाउंडरला विचारून आलेत. दुसरीकडे दाखवायचं म्हणशील तर ते काही जमणार नाही. हे गाव केवढंसं. डॉक्टरांच्या कानावर गेल्याशिवाय राहणार नाही, आणि मग रोज सकाळी ह्यांनी त्यांच्यासमोर रॅकेट घेऊन कसं उभं राहायचं? या महिन्याच्या शेवटी तारीख ठरली आहे. माझ्या जागी तेवढे दिवस तिकीट खिडकीवरच्या बाई पुकारणार आहेत. त्यांना ‘स’ आणि ‘श’ एकच वाटतो, त्यामुळे प्रवाशांचं कठीण आहे.

तुझी
भोंगा

९ जुलै

प्रिय भोंग्या,

भाऊजींनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं म्हणजे झालं. मी इथून परिषदेच्या कार्यालयात फोन केला होता. फोन बराच वेळ वाजला, मग कोणीतरी घेतला. नाव सांगितलं तर म्हणाले, हो, नोंद आहे. प्रवेशाचे दिवस आहेत, पालकांची रांग दाराबाहेर गेली होती, तेवढ्यावर फोन ठेवला. मला अजूनही वाटतं तू इथे यावंस. पण तुझ्या घरात मी आणखी किती ढवळाढवळ करू?

ऑपरेशन झाल्यावर लगेच कळव. एक ओळ चालेल.

ताई

३ ऑगस्ट

आदरणीय ताईंना सादर नमस्कार.

तिने कळवायला सांगितलं म्हणून मी लिहीत आहे. ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. गाठ पूर्ण निघाली. डॉक्टरांनी मला ती बाटलीत घालून दाखवलीसुद्धा. अपेक्षेपेक्षा वेळ जरा जास्त लागला, पण रक्तस्राव वगैरे झाला की तसं होतं, असं ते म्हणाले.

सध्या तिचा आवाज बसला आहे. नळी घातल्यामुळे आतून सूज येते, हे अगदी नेहमीचं आहे. पंधरा दिवस, फार तर महिना. पाणी पिताना ठसका लागतो, तोही जाईल. डॉक्टर रोज घरी येऊन बघून जातात. असा माणूस मिळायला भाग्य लागतं.

आपण काळजी करू नये. आपल्याला इतक्या लांब येण्याची दगदग नको. ती विश्रांती घेते आहे.

आपला नम्र

८ ऑगस्ट

भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. वेळ जास्त का लागला, हे तुम्ही एका ओळीत सांगितलंत आणि पुढच्या ओळीत शिरलात. आवाज बसलाय म्हणजे घोगरा झालाय की मुळीच निघत नाही? पाण्याने ठसका लागतो ही गोष्ट मला साधी वाटत नाही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा, आजच. दुर्बीण घालून बघायला फार वेळ लागत नाही.

दगदगीचं म्हणाल तर ती माझी मी बघेन. तिला लिहिता येत असेल तर तिच्या हातचं पत्र पाठवा.

ताई

२८ सप्टेंबर

प्रिय ताई,

मध्ये तुझी चार पत्रं आली, एकालाही उत्तर दिलं नाही. काय लिहू? दर आठवड्याला वाटायचं, आता आवाज येईल, मग आनंदाने सगळं एकदमच लिहीन.

आवाज आला नाही. वारा येतो. सायकलच्या चाकातली हवा सोडावी तसा शब्दांऐवजी वाराच बाहेर येतो. जवळ बसलेल्या माणसाला कळतं, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत पोचत नाही. चार वाक्यं बोलले की धावत आल्यासारखा दम लागतो. दारात उभं राहून भाजीवाल्याला हाक मारता येत नाही. तो निघून जातो आणि मी त्याची पाठ बघत राहते.

या महिन्यात कामावर गेले. साहेबांनी चांगली वागणूक दिली, तेच मला सोसलं नाही. म्हणाले, बरं वाटेपर्यंत पार्सल विभागात बसा. तिथे फक्त पावत्यांवर शिक्के मारायचे असतात. काचेच्या खोलीत आता यंत्र बसवलंय. कुठल्यातरी शहरात कोणा बाईचा आवाज भरून ठेवलाय, बटण दाबलं की तो बोलतो. छान आहे, ‘स’ आणि ‘श’ वेगळे आहेत. काल एका आजोबांची नात चुकली. यंत्राला नात हरवल्याचं सांगता येत नाही. ते माझ्याकडेच आले, त्यांना मी आठवत होते, म्हणाले, बाई, एकदा पुकारा ना. मी तोंड उघडलं. ते कान पुढे करून थांबले. पोरगी नंतर पाणपोईपाशी सापडली. मी मात्र पार्सलांच्या मागे जाऊन बसले ती घरी जायची वेळ झाल्यावरच उठले.

घशाच्या डॉक्टरांकडे गेलो नाही. आमचे डॉक्टर म्हणतात, नसेला धक्का बसलाय, सहा महिने वाट बघू. अजून येतात, माझा हात हातात घेऊन बसतात. हे त्यांना चहा करून देतात. मला बघवत नाही, पण उठून जायलाही भीड वाटते.

पुढच्या महिन्यात तुझ्याकडे येऊ का? ह्यांना सांगितलंय, हवापालटाला जाते.

तुझी
धाकटी

२० ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

तू सुखरूप घरी परत पोचल्याचं कळलं. इथे असताना काही गोष्टी मी तुला मुद्दाम सांगितल्या नाहीत. घशाच्या डॉक्टरांकडून बाहेर पडल्यावर तू रिक्षात ज्या तऱ्हेने बसली होतीस, त्यानंतर आणखी काही सांगायचा मला धीर झाला नाही. आता सांगते.

डावी स्वरपट्टी हलत नाही हे तूही त्या पडद्यावर बघितलंस. तू बाहेर गेल्यावर ते मला म्हणाले, हा नुसता धक्का वाटत नाही, बहुधा नस कापली गेली आहे. चांगल्यातल्या चांगल्या हातूनही कधी असं होतं, हेही त्यांनी सांगितलं. पण त्यांना एक गोष्ट कळेना. तुझ्या तपासणीचे जुने कागद बघून ते म्हणाले, ही गाठ इतक्यात काढायची गरज होती असं दिसत नाही, काही महिने नुसतं लक्ष ठेवता आलं असतं. मग विचारलं, कोणी केलं ऑपरेशन? मी नाव सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी परिषदेच्या कार्यालयात जाऊन बसले. या वेळी नाव आहे का एवढंच विचारलं नाही, नावापुढे काय आहे ते विचारलं. खिडकीतल्या माणसाने पडदा माझ्याकडे फिरवला. नावापुढे एकच पदवी आहे, पहिली. शस्त्रक्रियेचं पुढचं शिक्षण नाही. दुसरं काहीही नाही. मी त्याला फलकावरची बाकीची अक्षरं सांगितली. त्यातली काही संस्थांच्या वर्गणीदारांना मिळतात म्हणे, आणि एक त्यालाही ओळखता आलं नाही. हे सगळं कळायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. जुलैमध्ये मी तेवढी थांबले असते तर, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

मग भाऊजींनी भिंतीवर काय बघितलं? हे तू विचार. मी विचारलं तर ते मला पत्राने भाग्य वगैरे लिहितील.

तुझी
ताई

२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

विचारलं.

जेवणं झाल्यावर तुझं पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. वाचून झालं तरी ते घडी घालत राहिले, उलगडत राहिले. मी जवळ जाऊन बसले, नाहीतर ऐकू गेलं नसतं. म्हटलं, तुम्ही नक्की काय बघितलं होतं?

‘भिंतीवर होतं ना.’

‘काय लिहिलं होतं त्यावर?’

मग म्हणाले, ‘मी आत गेलोच नाही. बाहेर बाकावर बसलो होतो. दार उघडं होतं, भिंतीवरची चौकट दिसत होती. आत एक म्हातारी रडत होती आणि ते तिची समजूत घालत होते. कसं विचारणार होतो मी? आईच्या वेळी त्या माणसाने एकदाही नाही म्हटलं नाही.’

‘मग मला का सांगितलंत?’

‘तुला बरं वाटावं म्हणून.’

ताई, मी ओरडले. म्हणजे ओरडण्यासारखं तोंड केलं. आतून तोच वारा आला. ह्यांनी घाबरून पाण्याचा पेला पुढे केला, त्यांना वाटलं मला ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी मी एकटी दवाखान्यात गेले. या वेळी टेबलापलीकडे जाऊन भिंतीशी उभी राहिले आणि ती सोनेरी शिक्क्याची चौकट वाचली. शस्त्रक्रियेवरच्या कुठल्याशा संमेलनाला हजर राहिल्याबद्दलचं आभारपत्र आहे ते. चहा-नाश्त्याला हजर राहिलेल्या सगळ्यांना मिळालं असेल. मी डॉक्टरांकडे बघितलं. त्यांना कळलं. पण ते चिडले नाहीत, खोटंही बोलले नाहीत. म्हणाले, तरुणपणी एका मोठ्या सर्जनच्या हाताखाली बरीच वर्षं होतो, बघून बघून शिकलो, अपेंडिक्स, हर्निया कितीतरी केले, सगळे ठणठणीत आहेत.

‘आणि हे?’ मी गळ्याला हात लावला.

‘हे पहिल्यांदाच,’ म्हणाले. मग अगदी शांतपणे, जसं मला समजवायला हवं तसं: ‘मला कोणी विचारलंच नाही. तुम्ही विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं.’

मला वाटतं, खरंच सांगितलं असतं त्यांनी. तेच गिळता येत नाही.

मी तक्रार करणार आहे. कशी करायची ते कळव.

धाकटी

१९ नोव्हेंबर

आदरणीय ताईंना सादर नमस्कार.

आपण तिला तक्रारीचा मसुदा करून पाठवला असं कळलं. आपण वडीलधाऱ्या आहात म्हणून हक्काने विनंती करतो की तिला समजवावं. झालं ते फार वाईट झालं, मला का वाईट वाटत नसेल? पण तक्रारीने तिचा आवाज परत येणार आहे का? उलट गावात डॉक्टरांचं नाव खराब होईल. गरिबांना परवडणारा तोच एक दवाखाना आहे. लोक आमच्यावरच बोट दाखवतील. आत्ताच क्लबवर दोघांनी माझ्याबरोबर खेळायचं टाळलं.

डॉक्टर स्वतः खचले आहेत. परवा माझ्यासमोर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी काय बोलणार होतो? म्हटलं, तुमचा काही दोष नाही.

आपला नम्र

२४ नोव्हेंबर

भाऊजी,

त्यांच्या डोळ्यांतलं पाणी तुम्हाला दिसलं. तुमच्या पत्रात तुमच्या बायकोच्या डोळ्यांबद्दल एक शब्द नाही.

मी तिला समजवणार नाही. मसुदाही मी केलेला नाही. तिने स्वतः लिहिला, मी फक्त कुठे पाठवायचा तो पत्ता दिला. सुनावणीला मात्र तुम्ही तिच्याबरोबर जा. तिला वाटेत कोणाला पत्तासुद्धा विचारता येत नाही.

ताई

११ एप्रिल

प्रिय ताई,

शाळेची तपासणी आली नसती तर तू आमच्या जिल्ह्याच्या गावी सुनावणीला आली असतीस, हे मला ठाऊक आहे. तेव्हा मनाला लावून घेऊ नकोस. परवा निकालाचा कागद आला. तोच आधी सांगते, म्हणजे उरलेलं सांगता येईल.

आवाजाची नस दुखावणं हा या ऑपरेशनमधला माहीत असलेला धोका आहे, आणि मी संमतीच्या कागदावर सही केली होती, म्हणून हलगर्जी सिद्ध होत नाही. मात्र नसलेली पात्रता असल्याचा समज होईल असा फलक लावला, म्हणून तीन महिने दवाखाना बंद ठेवायचा आणि फलक बदलायचा. मोठी शस्त्रक्रिया पुन्हा करू नये अशी ताकीद. संपलं. रंगाऱ्याने कालच ती कडेची अक्षरं पांढऱ्या रंगाने बुजवली. दारावर पाटी लागली आहे: ‘डॉक्टर मुलीकडे गेले आहेत.’ लोक ती वाचतात आणि म्हणतात, बरं झालं, कधी नव्हे ती विश्रांती मिळाली बिचाऱ्यांना. पार्सल विभागात एक बाई मला म्हणाली, तुम्ही जरा जास्तच ताणलंत.

आता सुनावणीचं. लांबच लांब टेबल होतं. पलीकडे परिषदेचे तिघं, अलीकडे एका टोकाला डॉक्टर आणि दुसऱ्या टोकाला आम्ही दोघं. अध्यक्ष म्हणाले, तक्रार तुमच्या शब्दांत सांगा. मी उभी राहून सुरुवात केली. डोक्यावर पंखा होता, माझा आवाज त्याच्या खालीच विरून जात होता. त्यांनी दोनदा सांगितलं, जरा मोठ्याने. मग त्यांच्याच लक्षात आलं आणि ते खाली बघायला लागले. पंखा बंद केला, तरी पोचेना. शेवटी म्हणाले, लिहून आणलं असेल तर यजमानांनी वाचावं.

ह्यांनी ते आधी वाचलेलं नव्हतं. मी दाखवलं नव्हतं, त्यांनी मागितलं नव्हतं. चष्मा लावून उभे राहिले आणि वाचायला लागले. आवाज चांगला आहे ह्यांचा, खणखणीत. माझ्या गाठीचं वाचलं, ऑपरेशनचं वाचलं, पार्सल विभागाचं वाचताना जरा अडखळले. मग ते वाक्य आलं. मी लिहिलं होतं: ‘माझ्या पतीने मला सांगितलं की त्यांनी डॉक्टरांची पात्रता स्वतः पाहिली आहे. त्यांनी ती पाहिली नव्हती आणि विचारलीही नव्हती. त्यांच्या शब्दावर विसंबून मी होकार दिला.’

ते थांबले. डॉक्टर त्यांच्याकडे बघत होते. ह्यांनी पान उलटलं आणि पुढच्या परिच्छेदापासून वाचायला लागले.

मी म्हटलं, ‘राहिलं.’ कोणाला ऐकू गेलं नाही. परत म्हटलं. हे वाचतच होते. मग मी टेबलावर हात आपटला. दोनदा, तीनदा, तळहात लाल होईपर्यंत. तिघांपैकी बाई होत्या त्या उठून म्हणाल्या, पाणी द्या यांना, त्रास होतोय. मी मान हलवली, ह्यांच्या हातातून कागद ओढून घेतला, मागचं पान काढलं आणि त्या ओळीवर बोट ठेवून परत ह्यांच्यापुढे धरलं. अध्यक्ष म्हणाले, ‘काही सुटलं असेल तर वाचा.’

हे माझ्याकडे बघत राहिले. मी बोट काढलं नाही.

मग वाचलं. तेवढी तीन वाक्यं खणखणीत वाचली नाहीत, पण वाचली. खोलीत सगळ्यांना ऐकू गेली.

मला वाटलं होतं, त्यानंतर काहीतरी होईल. हे घरी येऊन बोलतील, रडतील, निदान माझ्यावर चिडतील तरी. ताई, काय झालं सांगू? बाहेर पडल्यावर मी जिन्याशी थांबले, चपलेचा पट्टा निघाला होता. डॉक्टर समोरून येत होते. हे लगबगीने त्यांच्याकडे गेले, त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. माझ्याकडे पाठ होती. मी वाकलेलीच होते, तरी मला स्वच्छ ऐकू आलं.

‘माफ करा डॉक्टर,’ म्हणाले, ‘मला वाचावं लागलं.’

डॉक्टरांनी ह्यांच्या पाठीवर थोपटलं.

मी पट्टा लावला आणि जिना उतरले. बसमध्ये ह्यांनी माझ्यासाठी खिडकीची जागा धरून ठेवली होती. मी मागे जाऊन एका अनोळखी बाईशेजारी बसले. तिने वाटेत दोनदा माझ्याशी बोलायचा प्रयत्न केला आणि मी शिष्ट आहे असं समजून नाद सोडून दिला.

तुझ्या शाळेत ग्रंथालयात कोणी हवं आहे, असं तू मागे लिहिलं होतंस. तिथे फारसं बोलावं लागत नाही. माझी प्रमाणपत्रं सोबत आणते आहे, मूळ प्रती. सोमवारच्या गाडीने येते. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. आज संध्याकाळी जवळ बसून सांगेन, म्हणजे ऐकू जाईल.

तुझी
धाकटी